उठल्यावर तेच माणूस

माझं काम काय ते सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी सांगत नाही. कोणी विचारलं तर "सरकारी दवाखान्यात आया आहे" एवढंच म्हणते. ते खोटंही नाही. पण खरं काम वेगळं आहे. लेकरू निजलं की त्याच्याजवळ बसायचं, आणि ते उठेपर्यंत जागेवरून हलायचं नाही. हे काम मी आधी अमरावतीला केलं, आता अकोल्याला करते.

माझी जाऊ एकदा म्हणाली होती, "बाप्पा, तुले बसायचे पैसे भेटतेत. आमी तं उभ्यानं राबून मेलो." मला पटकन बोलता येत नाही. बोलायचं ते मनात तयार होईपर्यंत समोरचं माणूस निघून जातं.

आमच्या डॉक्टरीणबाई, ज्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणतो, त्यांनी सांगितलं होतं की दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी मागितल्या आहेत, तुम्हीही लिहा. मी चौथी शिकलेली. हो म्हटलं आणि दिलं काहीच नाही. पण तेव्हापासून दुपारी लेकरं निजली की मनात आपोआप वाक्यं जुळतात. ती उतरवून ठेवते आहे. द्यायची नाहीतच.

अमरावतीची खोली दवाखान्याच्या मागच्या अंगाला होती. एका बाजूला कडुनिंब, दुसऱ्या बाजूला धोब्याच्या दोऱ्या. दुपारी दोऱ्यांवरच्या पांढऱ्या चादरींवर ऊन पडायचं आणि तिथून उजेड खोलीत यायचा, दुधासारखा. त्या उजेडात सतरंजीवर चार-दोन लेकरं निजलेली असायची. सगळ्यांचा श्वास आधी वेगवेगळा चालतो. मग हळूहळू एकमेकांत मिसळतो, आणि कोणता कोणाचा ते कळेनासं होतं. त्या वेळेला मला माझ्या माहेरचं घर आठवायचं. कापूस घरात आला की छतापर्यंत ढीग लागायचा आणि आम्ही पोरी त्यावर निजायचो. कापसात आवाज मुरतो. बाहेर बैलगाडी गेली तरी लांबून कोणीतरी काही सांगत असल्यासारखं वाटायचं. आमची खोली तशी होती.

लेकरांजवळ बसणं मी त्याच वयात शिकले. माय कापूस वेचायला जायची आणि धाकट्या भावाची झोळी बाभळीला बांधून मला खाली बसवायची. त्यासाठीच शाळा सुटली. शाळा सुटल्याचं वाईट वाटतं, पण झोळीजवळच्या त्या दुपारींचं वाटत नाही.

आता काम काय ते सांगते. आमच्याकडे सहा वर्षांच्या आतली लेकरं यायची. त्यांनी काही भयंकर पाहिलेलं असायचं. घर पडलेलं, कोणी जळालेलं, बापानं मायला मारलेलं. मोठं माणूस असं पाहून रडतं, दहा जणांना सांगतं. लहान लेकरू सांगत नाही. ते खेळतं, जेवतं, हसतंसुद्धा. घरचे म्हणतात, विसरलं पोट्टं. मॅडम म्हणायच्या, "मोठ्यांची भीती तोंडात असते, मावशी. लहानांची झोपेत असते." निजायची वेळ आली की ते किंचाळतं, नाहीतर निजतच नाही. आणि असं वर्षभर राहिलं तर वाढच खुंटते, अंगाची आणि मनाचीही.

यासाठी सरकारची एक योजना होती. त्यात मॅडमचा पगार, माझा पगार, लेकराला घेऊन येणाऱ्याचं एसटीचं भाडं, दूध आणि केळी. गावात कोणाकडे अचानक मौत झाली तर तिथं जाऊन लहान लेकरांशी काय बोलायचं आणि काय नाही, हे घरच्यांना सांगून येणं, हेही त्यातच. मॅडम म्हणायच्या की हे दुसरं काम पहिल्यापेक्षा मोठं, कारण वेळेत सांगितलं तर लेकराला आमच्या खोलीपर्यंत यावंच लागत नाही. पण पैसा मागताना तेच सांगणं अवघड. घर पडलं तर पंचनामा होतो. जे लेकरू आजारी पडलंच नाही त्याचा पंचनामा कोण करणार?

दर मार्चमध्ये योजना पुढे चालेल की नाही ते कळायचं नाही. आमचे शिपाई गजाननभाऊ म्हणायचे, "मावशी, आपली योजना बी या लेकरायसारखीच हाये. मार्च आला का दचकून उठते."

खोलीचा नियम एकच होता. ज्या माणसाला पाहून लेकरू निजलं, उठल्यावर तेच माणूस दिसलं पाहिजे. मग पायाला मुंग्या येवोत, तहान लागो, बाहेर कोणी बोलवो. दर्यापूरकडचा एक पोरगा होता, पुरात घर गेलेला. तो चपला घालूनच निजायचा. आम्ही काढ म्हटलं नाही. काही महिन्यांनी त्यानं एक चप्पल काढली. एकच. दुसरी दिवाळीनंतर काढली. एकाचा बाप वरूडकडचा माळी, भाजीच्या गाडीवरून यायचा, माझ्यासाठी अंबाडीची जुडी आणायचा. "मावशी, पोट्टं निजलं काय? मंग मी बी पडतो जरासा," म्हणून भिंतीशी आडवा व्हायचा. पोरगं उठून खेळायला लागलं तरी बाप घोरतच. मॅडमना विचारलं, यालाही नियम लागू आहे का? मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, बसा. बसले.

पण मनात घर करून राहिली ती आरू.

आरू अचलपूरची, चार वर्षांची. आजीबरोबर एसटीनं यायची. आजी म्हणजे बापाची आई, सुकलेल्या अंगाची, तुरतुर चालणारी बाई. आरूची आई कूलरचा शॉक लागून गेली होती. आमच्याकडे उन्हाळ्यात असं होतं. लोखंडी कूलर, ओले हात, चालू मोटर. दुपारी मायलेकी शेजारी निजल्या होत्या. कूलरमधलं पाणी संपलं म्हणून आई उठली. आरू जागी झाली तेव्हा घरात गर्दी होती, आणि आई ओसरीत आडवी. आजीनं काय केलं, तर नात घाबरू नये म्हणून तिला कडेवर घेतलं आणि सांगितलं, "आई निजली हाये. उठवू नोको."

कोणीही हेच सांगेल. मीही सांगितलं असतं. पण लेकरानं त्याचा सरळ अर्थ घेतला. निजलेलं माणूस उचलून नेतात आणि ते परत येत नाही. तेव्हापासून आरू स्वतःही निजेना आणि आजीलाही डोळा लावू देईना. झोप आली की उभी राहायची, स्वतःच्या मांडीला चिमटे काढायची. रात्री कधीतरी थकून कोसळायची तेवढीच झोप. आजीनं हे मॅडमना सांगितलं तेव्हा तिला आपलं काय चुकलं ते समजलं. ती बराच वेळ पदराच्या टोकाला गाठ मारत आणि सोडत बसली.

थंडीत आरू पहिल्यांदा आली. मी नुसती बसायचे. ती दाराजवळ उभी. मग भिंतीजवळ. मग सतरंजीच्या कडेला. उन्हाळा लागला आणि गजाननभाऊंनी कूलर सुरू केला, त्या आवाजासरशी ती आजीच्या खांद्यावर अशी चढली की आजीच्या मानेवर नखं उमटली. मग आम्ही तिची वेळ वेगळी केली. बाकीची लेकरं सकाळी कूलरमध्ये, आरू दुपारी कूलर बंद करून. छताचा पंखा गरम वारा खाली ढकलायचा. गजाननभाऊंनी सेमाडोहकडून बांबूचा हातपंखा आणून दिला होता, तो मी हलवत बसायचे.

योजनेचे पैसे पुढे द्यायचे की नाही ते पाहायला वरून एक साहेब येणार असं चैत्रात कळलं. आधी अमरावती, मग त्याच दिवशी अकोला, तिथंही अशीच एक खोली होती. मॅडमनी भिंतीवर चित्रं लावली, सकाळची लेकरं तयार ठेवली. साहेब आलेच नाहीत. लेकरं कंटाळून घरी गेली. दुपारी आरूची एसटी आली.

त्या दिवशी तिचे डोळे लाल होते. बसमध्ये डुलक्या आवरत आली असणार. ती माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं आणि विचारलं, "मावशी, तू जाशील काय?"

"नाही जात."

"पाणी भराले?"

"पाणी भरून झालं."

ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मी पंखा हलवत होते. तिची मान एकदा खाली गेली, वर आली. पुन्हा गेली. मग ती सतरंजीवर कलली, मूठ तशीच पदरावर. इतक्या महिन्यांत दिवसाउजेडी पहिल्यांदा निजली. आजी दाराशी होती. तिनं दोन्ही हात तोंडावर धरले.

तेवढ्यात गाडीचा आवाज आला. साहेब आले होते.

आपल्याकडे उन्हाळ्यात पाहुणा आला की आधी कूलर लावतात, मग पाणी विचारतात. गजाननभाऊ त्याच रीतीचे. एवढा मोठा साहेब, एवढ्या उन्हातून आलेला. त्यांनी सकाळीच कूलरला वाळ्याच्या नवीन ताट्या बसवल्या होत्या. आरू निजली हे त्यांना बाहेर कसं कळणार? खिडकीतून मला त्यांची टोपी दिसली, मग बादली दिसली, आणि पाणी ओतल्याचा आवाज ऐकू आला. ओल्या वाळ्याचा वास आत आला. आता ते बटण दाबणार.

मला उठता येईना, पदर मुठीत होता. "गजाननभाऊ, नोका लावू," असं मी म्हटलं, पण माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. दारात साहेब उभे होते, घामानं सदरा अंगाला चिकटलेला. त्यांनी विचारलं, "काय म्हणता, बाई?"

मी कधी कोणत्या साहेबाशी बोललेली नाही. पण त्या वेळी वाक्य तयार होण्याची वाटच पाहिली नाही. म्हटलं, "साहेब, कूलर नको. या लेकराची आई कूलरनं गेली. आज पहिल्यांदा निजली आहे."

साहेबांनी मागे वळून हात वर केला. गजाननभाऊंनी बटणावरचं बोट काढलं. मग साहेबांनी बूट काढले, आत आले आणि सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसले. मॅडमही येऊन बसल्या.

"किती वेळ झोपेल?" साहेबांनी हळूच विचारलं.

"सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या.

"मला चारच्या आत अकोल्याला निघायला पाहिजे. मग इथं मी पाहू काय?"

"हेच, सर. आमचं काम दिसतं ते एवढंच दिसतं."

साहेबांना फार घाम येत होता. हातात आमच्या योजनेची फाईल होती, तिनंच वारा घ्यायला लागले. मी पंखा हलवत होते, ते फाईल हलवत होते. बाहेर चादरी हलत होत्या. कडुनिंबावर होला घुमत होता. वेळ लांबल्यासारखा झाला, आणि आम्ही सगळे एकाच झोपेच्या काठावर बसलो आहोत असं मला वाटलं. काही वेळानं पाहिलं तर साहेबांचा हात पुढे सरकला होता. फाईलचा वारा आरूच्या केसांवर जात होता. त्यांना ते कळलं नसावं. योजनेचा वारा सरळ लेकराच्या अंगावर आलेला मी तेवढ्याच वेळी पाहिला.

निघताना त्यांनी मला एकच विचारलं, "ही उठली की काय होईल?"

म्हटलं, "मी दिसीन."

त्यांनी मान हलवली आणि बूट हातात घेऊन बाहेर गेले. बाहेर जाऊन घातले.

आरू उन्हं कलल्यावर उठली. डोळे उघडले ते माझ्याकडेच. मग तिनं पदर पाहिला, मूठ सोडली आणि केळं मागितलं.

निकाल ज्येष्ठात आला. दोन जिल्ह्यांना मिळून एकच खोली, आणि ती अकोल्याला. अमरावतीची बंद. मी मॅडमना विचारलं, माझ्यामुळे झालं का, साहेबांना बसवून ठेवलं म्हणून? मॅडम म्हणाल्या, "नाही मावशी. त्यांनी चांगलंच लिहिलं होतं. चांगलं लिहिलं म्हणून एक तरी उरली, नाहीतर दोन्ही जाणार होत्या." दोनाची एक झाली, याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता येत नाही. मेळघाटातली, वरूडकडची लेकरं आता अकोल्यापर्यंत कोण आणतं? पुष्कळशी येतच नाहीत. दुपारी एखादी सतरंजी रिकामी राहिली की मला ती मोकळी वाटत नाही. तिथं कोणीतरी निजायचं राहून गेलं आहे असं वाटतं.

आरूच्या आजीनं स्पष्टच सांगितलं, "अकोला मले नाही झेपत, बाई. गुडघे साथ देत नाहीत. अन् पोरगा एकटा वावरात."

म्हणजे काही आठवडेच हाती होते. मॅडमना काळजी वेगळीच होती. आरू माझ्याजवळ निजायला लागली होती, आणि आता मीच जाणार होते. कोणी जात नाही असं जिथं तिला आम्ही शिकवलं, ती खोलीच जाणार होती. हे नीट झालं नाही तर आधीपेक्षा वाईट.

मग ठरलं की माझ्या जागी आजीला बसवायचं. आधी आजी माझ्या मागे, मग शेजारी, मग ती पुढे आणि मी मागे. पण आजीला बसता येईना. दर घडीला उठायची, काहीतरी आवरायची. मी म्हटलं, बसा ना. ती म्हणाली, "जन्मात रिकामी बसली नाही वो मी. बसली का मले चोरी केल्यासारखं वाटते." शेवटी मीच म्हटलं की सूप घेऊन या. ती घरून सूप आणि तुरीची डाळ घेऊन आली. निवडत बसली की बसायची. डाळीचा तो सळसळ आवाज आरूला आवडला. एक दिवस तिनं आजीचा पदर बोटाला गुंडाळला. मी भिंतीशी बसून पाहत होते. बरं वाटलं आणि थोडं रिकामंही वाटलं, दोन्ही एकदमच.

निघायच्या आधी मॅडमनी आरूला समोर बसवून आजीला खरं सांगायला लावलं. आजीनंच सांगितलं, अगदी साध्या शब्दांत. आई निजली नव्हती. आई मेली. मी तुले चुकीचं सांगतलं होतं. निजलेलं माणूस उठते. आरूनं ऐकलं आणि विचारलं, "मी उठतो तशी?" आजी म्हणाली, "हो माय. तू उठतं तशी."

शेवटच्या दिवशी खोलीत काही उरलं नव्हतं. खेळणी अकोल्याला गेली होती, चित्रं काढली होती, कूलर गजाननभाऊंनी झाकून ठेवला होता. सतरंजी तेवढी होती. मी आरूजवळ बसले, आजी आमच्या शेजारी डाळ निवडत होती. आरूला झोप नव्हती. ती बांबूच्या पंख्याशी खेळत होती. दुधासारखा उजेड होता. डाळ सळसळत होती. मी भिंतीला पाठ टेकली.

इतक्या वर्षांत कामावर माझा डोळा कधी लागला नव्हता. त्या दिवशी लागला. स्वप्नात मी कापसाच्या ढिगावर होते, आणि लांबून कोणीतरी हळूहळू वारा घालत होतं.

जागी झाले तेव्हा डाळीचा आवाज बंद होता. सूप होतं, आजी नव्हती. लेकरू एकटं. मी गडबडीनं उठायला गेले, तर आरू माझ्यासमोरच बसली होती, मी बसते तशी, एक पाय पोटाशी घेऊन. दोन्ही हातांनी पंखा धरून मला वारा घालत होती.

"आजी कुठी गेली, आरू?"

"बाटलीत पाणी भराले गेली. एसटीत लागते." ती पंखा हलवतच होती. "येते ते आता. तू नीज. मी आहो न इथं."

मी पुन्हा डोळे मिटले.